कॉलर उलटी करा

सोमवार, ४ तारीख

वकीलबाईंनी ही वही दिली. म्हणाल्या, "मावशी, जे जे होईल ते तारीख टाकून लिहीत जा. उद्या उपयोगी पडेल." मी म्हटलं, मी चौथीतून उठलेली बाई, माझ्या लिहिण्याचा कुणाला उपयोग? तर म्हणाल्या, "कोर्टात शुद्धलेखन तपासत नाहीत." बरं. लिहिते. पण मला वेळ नसतो हे पहिल्या पानावरच सांगून ठेवते.

माझी लाँड्री आहे. धुणं मी करते, इस्त्री दोघं करतो, पोचवायला भावजी जातो. भावजी म्हणजे माझा धाकटा दीर. वय एक्केचाळीस, उंची विजेच्या खांबाएवढी, आणि बोलणं महिन्यातून दोनदा. मी लग्न होऊन आले तेव्हा हा हाफ पँटीत होता, म्हणून अरे-तुरे करते, पण हाक भावजी अशीच. आमचे हे गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही दोघंच दुकान रेटतोय.

चौकात पोलिसांनी लोखंडी अडथळे लावलेत. वाटेल त्याला थांबवायचं आणि झडती घ्यायची. आज भावजीला थांबवलं. सायकलवरचं गाठोडं सोडून फुटपाथवर पसरलं. बावीस कपडे. त्यातले सात पांढरे. एका शर्टावर हवालदाराच्या बुटाचा आख्खा ठसा, खालच्या खिळ्यांसकट. सापडलं काय? एक तुटकं बटण. ते मीच कागदात बांधून दिलं होतं.

सात पांढरे परत धुतले. साबण माझा, पाणी माझं, कंबर माझी.

वकीलबाईंनी विचारलं, "ते काय म्हणाले?" मी म्हटलं, हवालदार? "नाही हो, तुमचे भावजी." मी विचारलंच नव्हतं. कपड्यांचं बघू की त्याचं बघू?

गुरुवार, ७ तारीख

परत थांबवलं. दहा दिवसांतली चौथी वेळ. आज खिसेही बाहेर ओढले. घरी आला तेव्हा पँटीचे दोन्ही खिसे कुत्र्याच्या जिभेसारखे लोंबत होते. तसाच सायकल चालवत आला. मी म्हटलं, अरे आत तरी ढकलायचे. म्हणाला, "राहू देत." झालं, महिन्याचं अर्धं बोलणं संपलं.

वकीलबाईंनी नियम सांगितला. झडती घ्यायच्या आधी कारण सांगायला लागतं आणि मागितलं तर लिहून द्यायला लागतं. त्यांच्याकडे पावतीपुस्तक असतं. मी भावजीला म्हटलं, मग माग की! तर उद्या मागतो म्हणाला.

मी त्याला शंभरदा सांगितलंय की मागच्या गल्लीने जा. तिथे पोलीस नाहीत, चढ नाही, सावली आहे. ऐकत नाही. त्याला चौकातूनच जायचं असतं. चौकात औषधाचं दुकान आहे, तिथून घशाच्या गोळ्या घेतो. रोज. जन्मात कधी खोकलेला मी ऐकला नाही. धुवायच्या आधी खिसे तपासले तर एका आठवड्यात सहा पाकिटं, एकही गोळी खाल्लेली नाही. विचारलं, हे काय? तर पुढ्यातला शर्ट चौथ्यांदा इस्त्री करायला लागला.

माणसाला रस्ता कळू नये म्हणजे कमाल आहे.

मंगळवार, १२ तारीख

आज मागच्या दाराने साहेबीणबाई आल्या. दर मंगळवारी येतात. पिशवीत वर भाजी, खाली वर्दी.

हे गुपित आहे, पण वहीत लिहायला हरकत नाही, वही कुठे बोलणार आहे? या पोलीस ठाण्याच्या साहेबांच्या बायको. साहेबांची आई म्हणे मुलाची वर्दी स्वतःच्या हाताने धुवायची आणि इस्त्री करायची. ती गेल्यावर साहेबांनी सांगितलं, वर्दीला परक्याचा हात लागलेला मला चालणार नाही. साहेबीणबाई नोकरी करतात, त्यांचे दोन्ही गुडघे गेलेत. त्यांनी "हो" म्हटलं आणि माझ्याकडे आल्या. झाली त्याला सात वर्षं. बिल्ले आणि पट्ट्या काढून कोरी वर्दी देतात. भावजी दहा वाजता, साहेब ठाण्यात असताना, मागच्या जिन्याने पोचवतो. मी शब्द दिलाय आणि भावजीकडूनही घेतलाय. आमच्या धंद्यात हेच तर असतं. खिशातलं पाकिटात घालून परत द्यायचं, डागाचं कारण विचारायचं नाही, आणि घरातलं बाहेर बोलायचं नाही.

आज त्या म्हणाल्या, "मावशी, परवा ते पाहुण्यांना माझी इस्त्री दाखवत होते. मी नुसती मान डोलावली." मला हसू आलं आणि रागही आला. माझी कडक बाही, आणि कौतुक दुसऱ्याच्या नावावर!

त्यांच्या कपड्यांवर खूण भोपळ्याची आहे. खुणेचं सांगायचं राहिलं. माझ्या सासूला अक्षर येत नव्हतं, म्हणून तिने गिऱ्हाइकांना चित्रं वाटली होती. कॉलरीच्या आतल्या बाजूला, न जाणाऱ्या शाईने, तांदळाच्या दाण्याएवढं चित्र. मी तेच चालू ठेवलं. नावं लिहीत बसले तर कॉलरी पुरायच्या नाहीत. डॉक्टर घुबड, कारण तो बघतो तसा. शाळेतल्या मोठ्या बाई कात्री, कारण जीभ. वकीलबाई कावळा, काळ्या कोटामुळे. पोचवायच्या चिठ्ठीवरही हीच चित्रं आणि पुढे कपड्यांच्या रेघा. कुणाला पत्ता नाही. कोण आपली कॉलर उलटून बघतंय? बघितली तरी शाईचा डाग वाटतो. भावजीला सगळी चित्रं पाठ आहेत. त्याला कधीकधी आपल्याशीच हसताना मी बघितलंय.

शुक्रवार, १५ तारीख

भावजीने आज कारण लिहून मागितलं. मिळालं. पावती इथे चिकटवली आहे. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "हालचाल संशयास्पद." खाली "काय सापडले" तिथे रेघ.

हालचाल! हलायचं नाही तर सायकल चालणार कशी?

आणि चौकाच्या पलीकडे जो जुगाराचा अड्डा चालतो, तिथली माणसं पांढऱ्या गाडीतून येतात. त्यांची हालचाल गाडीची असते म्हणून चालते वाटतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

शनिवार, २३ तारीख

आज पाय दुखताहेत, डोकं दुखतंय, तरी सगळं लिहिणार आहे. बाकीचे कपडे पडू देत.

सकाळी साडेदहाला औषधवाली धावत आली. दुकान उघडं टाकून, पायात चपला दोन वेगवेगळ्या. धाप लागलेली. "त्यांना नेलं! ठाण्यात नेलं!" मी म्हटलं, कुणाला? तर म्हणाली, "त्यांना!" मग कळलं, भावजीला. बाई काकुळतीला आलेली. हल्ली दुकानदार गिऱ्हाइकाला फार जपतात.

झालं होतं असं. आजच्या गाठोड्यात साहेबांची वर्दी होती. हवालदाराने कागद सोडला तर आत पोलिसाचा शर्ट आणि पँट, बिल्ला नाही, नाव नाही. "ही कुणाची?" भावजी गप्प. मग खिशातली चिठ्ठी सापडली. घुबड चार रेघा, कावळा दोन रेघा, भोपळा दोन रेघा. "हे काय आहे?" भावजी गप्पच. वर्दी अंगात घालून लुबाडणारा तोतया पोलीस, आणि टोळीची सांकेतिक चिठ्ठी! हवालदाराला वाटलं आता बढती आलीच.

मी वकीलबाईंना घेतलं आणि गेले. ठाण्यात भावजी बाकावर बसलेला, मान खाली. त्याचा पट्टा काढून घेतला होता म्हणून एका हाताने पँट धरून. मला बघून उठला आणि तशीच पँट धरून उभा राहिला. मी त्याला इतक्या वर्षांत कधी असं बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "अरे सांगायचंस की!" तर म्हणाला, "वहिनी, शब्द दिलाय ना आपण."

शब्द मीच घेतला होता त्याच्याकडून.

साहेबांच्या खोलीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा बघितलं त्यांना. सात वर्षं ज्याच्या बगला घासल्या तो माणूस! वकीलबाई कायद्याचं बोलायला लागल्या, कलम हे, नियम तो. साहेब म्हणाले, "बाई, सरळ आहे. वर्दी कुणाची आणि चित्रं कशाची, एवढं सांगा आणि घेऊन जा त्याला. नाहीतर सोमवारपर्यंत राहील."

मी म्हटलं, "वर्दी धुवायला आलेली आहे. मी लाँड्रीवाली आहे."

"कुणाची?"

"गिऱ्हाइकाची."

"गिऱ्हाइकाला नाव असेल."

"असेल. मी सांगणार नाही. आमच्यात नाही सांगत."

हवालदार मागून म्हणाला, "आमच्यात म्हणजे टोळीत, साहेब."

"तुझ्या शर्टाच्या पाठीवर चहाचा डाग आहे तीन दिवसांचा," मी म्हटलं. "आधी तो काढ, मग टोळी शोध."

वकीलबाईंनी माझा पाय दाबला. चिठ्ठी टेबलावर ठेवलेली होती. त्यांनी विचारलं, "मावशी, निदान चित्रं तरी सांगा. ही मधली कोण?"

"कावळा."

"कावळा कोण?"

काय करणार? "तुम्ही," म्हटलं.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "नोंद करा, माझ्या अशिलाच्या वहिनी गिऱ्हाइकांना पक्षी म्हणतात. हा गुन्हा नाही." पण त्यांच्या आवाजात जरा कोरडेपणा आला होता.

साहेबांना हे सगळं थोतांड वाटलं. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि गाठोड्यातली वर्दी दोन बोटांनी उचलली. म्हणाले, "लाँड्री म्हणे. ही इस्त्री बघा. याला इस्त्री म्हणतात? आणि ही बघा!" असं म्हणून त्यांनी स्वतःच्या अंगातल्या शर्टाची बाही पुढे केली. "बाहीची धार बघा. कॉलर बघा. दिवसभर घातली तरी मोडत नाही. हा घरचा हात आहे. माझी बायको धुते, बायको इस्त्री करते. तुमच्यासारख्यांना जन्मात जमायचं नाही. वर्दी कशी ठेवायची ते तिच्याकडून शिका."

आता मी खरं लिहिते, कारण ही वही माझी आहे. मला भावजीसाठी राग आला की इस्त्रीसाठी, मला अजून कळलेलं नाही. हातातली वर्दी आणि अंगातला शर्ट, दोन्ही मीच केलेले, एकाच टेबलावर! एवढंच आठवतं की माझं टाळकं फिरलं. पण फिरता फिरता मला वकीलबाईंचा नियम आठवला, आणि मी विचारलं. विचारून केलं, हे महत्त्वाचं आहे.

मी म्हटलं, "साहेब, झडती घेऊ का तुमची?"

साहेबांनी बाही मागे घेतली. "काय?"

"तुमच्या कॉलरीची. कारण सांगते. तुमची इस्त्री संशयास्पद आहे."

हवालदार पुढे आला. साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. मला वाटतं त्यांना गंमत वाटली असावी. म्हणाले, "घ्या."

"मी हात लावत नाही. परवानगी दिलीत तरी नाही. तुम्हीच कॉलर उलटी करा."

त्यांना स्वतःची कॉलर दिसेना. मान वळवली, डोळे फिरवले, कुत्रं शेपटीमागे फिरतं तसे एक फेरी फिरले. शेवटी हवालदाराने बघितलं. बघितलं आणि म्हणाला, "साहेब, काहीतरी आहे. गोल आहे. वर देठ आहे."

मी वर्दीची कॉलर उलटी करून शेजारी धरली. मग चिठ्ठी धरली. तीन भोपळे एका ओळीत.

साहेबांनी चिठ्ठीवरच्या भोपळ्यावर बोट ठेवलं. मग अगदी हळू, जवळजवळ घरच्या आवाजात विचारलं, "भोपळा का?"

वकीलबाईंनी परत पाय दाबला, पण आता उपयोग नव्हता. मी म्हटलं, "साहेब, मी तुम्हाला कधी बघितलेलं नव्हतं. पँटीची कंबर बघितली होती."

हवालदाराला खोकला आला. भावजीला तेव्हाच आणून उभा केला होता. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याचे खांदे हलत होते. वकीलबाई म्हणाल्या, "साहेब, वर्दी तुमची, तुमच्याकडेच निघालेली. आता तोतया कोण, ते पंचनाम्यात लिहायचं का?"

दहा मिनिटांत सोडलं. पट्टा परत दिला. भावजीने तिथेच उभं राहून एकेका लूपमधून ओवून नीट घातला, घाई न करता. दारातून बाहेर पडताना साहेबांनी मागून विचारलं, "किती वर्षं?" कुणाला विचारलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "सात." त्यांनी दार लावून घेतलं.

फाटकाशी औषधवाली अजून उभी होती. दुकान उघडंच टाकलेलं. वेंधळी आहे बाई.

रविवार, २४ तारीख

काल जिंकले असं वाटत होतं. आज नाही वाटत. साहेबीणबाईंनी काय केलं होतं माझं? भाजीखाली लपवून आणत होत्या बिचाऱ्या, आणि मी त्यांची पिशवी भर ठाण्यात उपडी केली. त्यांना विचारलं नाही. नवऱ्याला विचारलं, बायकोला नाही.

भावजी दिवसभर इस्त्री करत होता. झाली त्यांचीही परत केली.

बुधवार, २७ तारीख

भावजी बाहेर पडत नाही. चार दिवस झाले. दुकानाच्या पायरीपर्यंत येतो, रस्त्याकडे बघतो आणि आत जातो. मी म्हटलं, अरे सुटलास ना? तर म्हणाला, "सुटलो की." आणि आज त्याच्या चार पँटी आणून माझ्यापुढे ठेवल्या. "वहिनी, यांचे खिसे शिवून टाका."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे बघायला काही राहणार नाही."

मी खूप बोलले. एवढा मोठा घोडा, बायकांसारखं घरात बसायचं, धंदा कोण करणार, चार पोलिसांना भ्यायला काय वाघ आहेत का ते. तो ऐकत उभा राहिला. मग म्हणाला, "वहिनी, सगळ्यांसमोर खिसे बाहेर काढतात ना, तेव्हा माणसं बघतात. रोजची माणसं. आणि त्यातली एखादी..." आणि थांबला.

एखादी काय? बोलेल तर शपथ.

खिसे मी शिवले नाहीत. पँटी माझ्या खाटेखाली टाकल्यात.

पोचवायला मीच गेले. मुद्दाम चौकातून. केवढं गाठोडं, माझ्यापेक्षा रुंद! म्हटलं, आता अडवा मला, मग दाखवते. अडवलं नाही. परत मागे आले आणि पुन्हा गेले. नाहीच. तिसऱ्यांदा हवालदारासमोर गाठोडं आपटलं आणि म्हटलं, "घे झडती!" तर म्हणाला, "जा हो मावशी, घरी जा."

"का? माझी हालचाल संशयास्पद नाही?"

"तुमची? तुमची काय हालचाल!"

हे मला फार लागलं. माझ्यासमोर त्याने तीन जणांना थांबवलं. तिघेही भावजीसारखेच, किडकिडीत, दाढी वाढलेले, कुणाच्या हातात हत्यारांची पेटी, कुणाच्या डोक्यावर पाटी. माझं गाठोडं बॉम्बने भरलेलं असतं तरी मी पलीकडे गेले असते. मग हे शोधतात काय? भावजीच्या तोंडावर काय लिहिलंय, जे माझ्या नाही?

येताना औषधवालीने हाक मारली. "त्यांचा घसा कसा आहे?" मी म्हटलं, त्याच्या घशाला काय धाड भरलीय, घोड्यासारखा आहे. तर तिचा चेहरा पडला. घसा बरा आहे म्हटल्यावर चेहरा पाडणारी औषधवालीच असायची. धंदा बुडतो ना.

घरी आल्यावर भावजीला म्हटलं, "ती औषधवाली तुझ्या घशाची चौकशी करत होती. मी सांगितलं, ठणठणीत आहे." त्याने इस्त्री आडवी ठेवली. सरळ शाळेच्या बाईंच्या टेबलक्लॉथवर. बदामी डाग.

शनिवार, ३० तारीख

साहेबीणबाई आल्या. पुढच्या दाराने. पिशवीत वर्दी वरच.

मी म्हटलं, बसा. म्हणाल्या, "बसत नाही." मग बसल्या. गुडघेच तसे. म्हणाल्या, "आठ दिवस झाले, बोलत नाहीत माझ्याशी. सात वर्षांत इतकी शांतता नव्हती घरात." मी हसले, त्या हसल्या नाहीत. मग थोड्या हसल्या. "काल एवढंच विचारलं त्यांनी. आईसारखी इस्त्री लाँड्रीत कशी मिळते? मी म्हटलं, तुमच्या आईलाच विचारायला हवं होतं, त्यांची वर्दी कुठे जायची ते. कारण मला ही लाँड्री त्यांनीच दाखवली."

मला फेफरं यायचं बाकी राहिलं. मग आठवलं. सासू असताना एक म्हातारी बाई मागच्या दाराने यायची. तिची खूण काकडी.

उठताना म्हणाल्या, "पण मावशी, माझं होतं ते सांगायचं. कधी सांगायचं ते मी ठरवलं असतं." मी म्हटलं, "चुकलं." हा शब्द मी फारसा वापरत नाही, म्हणून तारीख टाकून लिहून ठेवते. त्या म्हणाल्या, "आता ते स्वतः आणून देतील. मी सांगितलंय, माझे गुडघे काही सरकारी नाहीत."

जाता जाता माहिती दिली. साहेबांनी हुकूम काढलाय, आधी विचारायचं, मग हात लावायचा, आणि "संशयास्पद" हा एकच शब्द लिहिलेली पावती चालणार नाही. किती दिवस टिकेल सांगता येत नाही, म्हणाल्या. माणूस वाईट नाही, पण विसराळू आहे.

मंगळवार, २ तारीख

सकाळी उठून बघते तर भावजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा. खाटेखालच्या पँटी गायब. गाठोडं सायकलवर. मी काल जो दोन तास आरडाओरडा केला त्याचा परिणाम. माझ्या बोलण्यात तेवढं वजन आहेच.

म्हटलं, "मागच्या गल्लीने जा." म्हणाला, "चौकातून."

मी रिकामी पिशवी घेतली आणि वीस पावलं मागून गेले, भाजीला निघाल्यासारखी. अडथळ्यापाशी हवालदाराने हात केला. सायकल थांबली. लोक बघायला लागलेच, लोकांना काय उद्योग.

हवालदार म्हणाला, "खिसे बघू का?"

भावजीने जरा विचार केला. खरंच विचार केला, कुणी दुकानात "आणखी काही देऊ का" विचारल्यासारखा. म्हणाला, "नको."

हवालदार तसाच उभा. हा शब्द त्याने पूर्वी ऐकलेला नसावा. "नको म्हणजे?"

"म्हणजे कारण लिहून द्या, मग बघा."

हवालदाराने पावतीपुस्तक काढलं. पेन काढलं. भावजीकडे वरून खाली बघितलं, गाठोड्याकडे बघितलं, पेनाचं टोपण चावलं. मागे माणसं तुंबली. पाटीवाला म्हणाला, "मलाही लिहून द्या हो." हवालदार जवळ येऊन भावजीला हळूच म्हणाला, "तूच सांग बाबा, काय लिहू?"

"मला कसं माहीत? संशय तुम्हाला आलाय."

"नाही रे आलेला!"

"मग जाऊ?"

"जा, जा."

आणि गेला. एवढंच होतं? की आज हवालदाराचं डोकं ठिकाणावर नव्हतं? उद्या दुसरा हवालदार असेल. साहेब विसरतील. मला खात्री नाही. वकीलबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "लिहीत राहा." त्या हल्ली मला जरा तुटकच बोलतात, आणि काळा कोट धुवायला दिलेला नाही.

पुढे भावजी कुठे गेला दिसला नाही. सायकल औषधाच्या दुकानासमोर टेकवलेली होती, पण तो काही तिथे दिसला नाही, काच काळी आहे. मी परत आले.

चार घरांचे कपडे होते. परत यायला अडीच तास लावले. दारात आला तसा मी धरला. "कुठे होतास? अडीच तास कुठे जातात? कुणाशी बोलत होतास? खिशात काय आहे?"

भावजी सायकल लावत होता. वळून म्हणाला, "कारण लिहून द्या, वहिनी."

मी! मी कारण लिहून देऊ! ज्याची चड्डी मी धुतली त्याला! एवढं बोलले, एवढं बोलले, तो हसत होता. आवाज करून. मी त्याला असं हसताना ऐकून किती वर्षं झाली ते आठवेना, तेव्हा बोलायची थांबले.

संध्याकाळी धुवायला त्याचा शर्ट घेतला. हात सवयीने खिशाकडे गेला. तिथेच थांबवला. कशाला थांबवला ते मला माहीत नाही. हाक मारली, "भावजी, खिशात काही आहे का?"

"आहे," म्हणाला. आला, स्वतः काढून घेतलं आणि मुठीत धरून गेला.

काय होतं ते मी बघितलं नाही. तोंड फिरवलं होतं. निम्मं.